माईंची खोली : हिवाळ्याच्या कामाच्या नोंदी (जेलरोड, नाशिकरोड)

१७ ऑक्टोबर २०२४

काल कोजागिरी झाली. गच्चीवर दूध आटेपर्यंत साडेदहा वाजले, आणि चंद्राकडे बघत बसलेल्या माईंनी शाल मागितली. दुपारी अजून ऑक्टोबरचा चटका आहे, पण नाशिकच्या रात्रीने कूस बदलली की ती आधी माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गुडघ्यांना कळते. म्हणून वही आजच उघडली.

कारण गेल्या जानेवारीतलं आहे. माईंची खोली वायव्येच्या कोपऱ्यात, दोन भिंती बाहेरच्या, ऊन जवळजवळ नाही. त्यांच्यासाठी दोन हजार वॅटचा हीटर आणला होता. एके रात्री पाणी प्यायला उठले तर त्या अंधारात पलंगावर बसलेल्या, दोन शाली आणि वर गोधडी, हीटर बंद. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, आता तापलीय खोली." तापलेली नव्हती. त्याच संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, जेवताना मीटरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला होता. अण्णा प्रेसमधून निवृत्त झाले. नोटा आणि मुद्रांकांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, आकड्याशी हयगय त्यांना जमत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सातला ते मीटर बघतात आणि वहीत लिहितात. त्यांनी कुणाला बोल लावला नव्हता. पण माईंनी तो आकडा आपल्या अंगावर घेतला.

मी त्या रात्रीबद्दल अण्णांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी आकडा पुन्हा कधी मोठ्याने वाचला नाही.

तर काम एवढंच : माईंना ऊब मिळावी आणि ती घेताना मीटरची आठवण येऊ नये.

२० ऑक्टोबर, रविवार

खोलीतली हवा नंतर, आधी वीज जाते कुठे ते शोधायचं ठरवलं. अण्णांच्या वहीतले गेल्या हिवाळ्याचे आकडे : नोव्हेंबर २४८ युनिट, डिसेंबर ३३७, जानेवारी ३७१. एप्रिल-मेमध्ये पंखे दिवसभर फिरतात तरी आमचा आकडा इतका चढत नाही.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर एका युनिटला ३,२०० लुकलुकी असं छापलेलं आहे. म्हणजे बाकी सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवली आणि दिवा मोजला, तर ती वस्तू किती खाते ते कळतं, वेगळं उपकरण लागत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हा प्रयोग सुचला अण्णांना. ते मीटरखाली स्टूल टाकून बसले, मी आत बटणं दाबत होते.

सगळं बंद, फ्रिजचाही प्लग काढलेला. तरी दिवा थांबेना. दहा मिनिटांत २१ वेळा लुकलुकला. हिशेब केला तर सुमारे ४० वॅट, महिन्याला २८ युनिट, आणि तेही कुणी काही वापरत नसताना. शोधत गेलो तर त्यातला मोठा वाटा जुन्या बॅटरीवरच्या इन्व्हर्टरचा, मग सेट-टॉप बॉक्स, मग राउटर. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीला वेगळं बटण असलेला बोर्ड लावला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी उतरलं होतं, ते भरलं. राउटर रात्री बंद. पुन्हा मोजलं तर दहा मिनिटांत आठ.

संध्याकाळी बिलाचा दर नीट वाचला. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, २०२४-२५ चा असा : पहिल्या १०० युनिटना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे. प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आपण वाचवतो ते युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातलं असतं, ही गोष्ट माझ्या आजवर ध्यानात आली नव्हती. "सरासरी युनिट सात-आठ रुपयाला पडतं" हा हिशेब वाचवताना लागू नाही. आमचं शेवटचं युनिट जानेवारीत १८ रुपयांच्या वर पडतंय. तीनशेच्या आत आलो तरी ते साधारण १३ रुपयांचं आहे.

२५ ऑक्टोबर

गिझर. पंधरा लिटरचा, दोन हजार वॅट, जुना. आमच्याकडे तो पहाटे पाचला सुरू होतो आणि कुणाला आठवण झाली की बंद होतो.

काल रात्री दहा ते पहाटे पाच तो मुद्दाम चालू ठेवला, नळ कुणी उघडला नाही. घराचा रात्रीचा नेहमीचा खप वजा केला तर सात तासांत ०.३२ युनिट नुसतं पाणी गरम राखण्यात गेलं. दिवसभर चालू राहिला तर १.१ युनिट.

खुद्द अंघोळीचा हिशेब मुलाला करायला लावला, दहावीला आहे, उष्णतेचा धडा झालाय. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल, एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. हिवाळ्यात टाकीचं पाणी सतरा अंशांवर असतं, अंघोळीला बेचाळीस लागतं, बादली वीस लिटरची. उत्तर आलं ०.५८ युनिट. पाच माणसं, तीस दिवस, ८७ युनिट. त्यात गिझर चालू राहिल्याचा तोटा मिळवला की १२० च्या घरात जातं. आणि माईंचा हीटर रोज दोन तास धरला तरी महिन्याला १२०.

म्हणजे हिवाळ्याचं बिल आमच्या घरात दोन गोष्टींचं आहे : अंघोळीचं पाणी आणि एक खोली. दिवे, फ्रिज, मिक्सर यांच्यावर मी आजवर जेवढी चिडचिड केली ती चुकीच्या जागी होती. जुन्या चोकच्या दोन पट्ट्या बदलून एलईडी लावल्या, फ्रिजचा आकडा चारवरून दोनवर आणला. ते प्रकरण तिथेच संपवलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

गच्चीवरचा सौर बंब. दोनशे लिटरचा, वीस काचेच्या नळ्यांचा. तीन वर्षं बंदच आहे. "पाणी यायला वेळ लागतो" इथून सुरुवात झाली, मग "कोमट येतं", मग कुणी नळच उघडेना.

वर जाऊन पाहिलं. नळ्यांवर धुळीचा थर इतका की बोटाने नाव लिहावं. तीन नळ्या फुटलेल्या. टाकीच्या वरची हवा जायची नळी कोळ्याच्या जाळ्याने आणि मातीने बुजलेली. टाकी रिकामी केली तर तळातून पांढरा क्षार आणि गाळ निघाला, अर्धी बादली भरून. आमच्याकडे नळाच्या जोडीला बोअरचं पाणी वर चढतं, ते जड आहे.

फुटलेल्या नळ्यांची भोकं तात्पुरती बुचांनी बंद केली, बाकीच्या पुसून काढल्या आणि घाईने पाणी सोडलं. दुपारचे बारा वाजले होते. सकाळपासून नळ्या कोरड्या उन्हात पडल्या होत्या. पाणी शिरताच एकामागोमाग दोन आवाज झाले, आणखी दोन नळ्या गेल्या. कोरड्या नळीत आतलं तापमान दोनशे अंशांपर्यंत चढतं. त्यात थंड पाणी ओतलं की काच तडकणारच. हे मी वर्गात उकळत्या पाण्याचा ग्लास दाखवून दरवर्षी शिकवते. नळ्या भरायच्या त्या पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, किंवा सकाळपासून गोणपाटाने झाकून ठेवून. लिहून ठेवते, म्हणजे आमच्या घरात ही चूक परत होणार नाही.

प्लंबर दिवाळीनंतर येणार म्हणाला.

३१ ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान गिझरवरच. उटण्याच्या वासाने घर भरलं होतं. माईंनी सगळ्यांच्या पाठीला तेल लावलं आणि स्वतः सगळ्यांत शेवटी अंघोळ केली.

९ नोव्हेंबर, रात्र

आज पहाटे गच्चीवर १५ अंश होते. बाहेर गार आणि आत ऊबदार असल्याशिवाय फटी सापडत नाहीत, म्हणून या दिवसाची वाट पाहत होते. पंखे बंद करून उदबत्ती घेतली आणि माईंच्या खोलीत भिंतीभिंतीने फिरले. जिथे धूर सरळ वर जाण्याऐवजी आडवा पळतो तिथे खडूने खूण.

घर १९८६ चं. नऊ इंची विटांच्या भिंती, सागवानी खिडक्या. लाकूड अजून खणखणीत आहे, पण झडपा बसत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीच्या मधल्या फटीतून धूर आत फेकला जात होता. एका तावदानाची लांबी (काच बसवायची पुटी) वाळून गळून पडली होती, काच नुसती खिळ्यांवर उभी. मात्र सगळ्यांत मोठी चोरवाट निघाली मागच्या अंगणाकडे उघडणारं दार. खालून अर्ध्या इंचाची फट. तीन फुटी दाराला अर्धा इंच म्हणजे सहा इंच लांब आणि तीन इंच रुंद भोक भिंतीला पाडून ठेवल्यासारखं आहे. एवढं भोक भिंतीत दिसलं असतं तर त्याच दिवशी गवंडी बोलावला असता. दाराखाली होतं, म्हणून अडतीस वर्षं चाललं.

माई पलंगावरून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "त्या दाराशी मी रोज रात्री पायपुसणं सरकवून ठेवते." मला माहीत नव्हतं.

१० नोव्हेंबर, रविवार

प्लंबर सकाळी साडेसहाला आला, ऊन चढायच्या आत काम उरकलं. पाच नळ्या नव्या, सगळ्या रबरी रिंगा नव्या, हवेची नळी मोकळी. टाकीतून दोनदा पाणी काढून टाकलं. बंबाकडे जाणारी जोडणी बोअरवरून काढून नुसती पालिकेच्या नळाच्या टाकीवर घेतली.

"वेळ लागतो" या तक्रारीचं मूळ पाइपात आहे. गच्चीपासून माईंच्या न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप चौदा मीटर. त्यात चार-साडेचार लिटर पाणी मावतं, ते रात्रभर थंड होतं आणि सकाळी आधी तेच येतं. पूर्ण पाइपावर काळ्या फोमची नळी चढवली. उघड्यावरचा फोम उन्हाने दोन वर्षांत भुगा होतो, म्हणून त्यावर अॅल्युमिनियमची टेप गुंडाळली. पहिलं गार पाणी वेगळ्या बादलीत घ्यायचं, ते कपड्यांना.

संध्याकाळी टाकीतलं पाणी ५८ अंश. पहाटे पाचला मोजणार आहे.

११ नोव्हेंबर

पहाटे पाचला ४९ अंश! नवऱ्याची पहिली पाळी असते, पावणेसहाला अंबडची बस. त्याचाच प्रश्न होता की सूर्य उगवायच्या आत सौर बंबाचं पाणी कसं मिळणार. कालचं ऊन आजच्या पहाटेला पुरलं. गिझर लावलाच नाही.

१३ नोव्हेंबर

नवऱ्याने सुचवलं होतं की विजेचा गिझर काढून गॅसचा लावू. हिशेबाने तो चुकत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून जेवढं पाणी तापेल तेवढं विजेवर तापवायला दीडशेच्या आसपास युनिट लागतील, आणि सिलिंडर आठशेच्या घरात आहे. वरच्या टप्प्यातल्या विजेपेक्षा गॅस निम्म्याहून स्वस्त.

तरी मी नको म्हटलं. आमच्याकडे तो लावायला जागा आहे ती फक्त न्हाणीघराच्या आत. बंद न्हाणीघरात गॅस जळायला लागला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. माणसाला नुसती गुंगी येते आणि दार उघडायची ताकद राहत नाही. माझ्या मावसबहिणीची लेक अशीच न्हाणीघरात पडली होती. कडी सैल होती म्हणून ढकलून दार उघडता आलं, म्हणून ती आज आहे. गॅस गिझर लावायचा तर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि पाइपाने पाणी आत. त्याशिवाय नाही.

याच कारणाने फटी बुजवायच्या यादीतून दोन जागा मी लाल पेनने खोडल्या : न्हाणीघराची झडप आणि स्वयंपाकघराची जाळी. त्या उघड्याच राहणार. आणि माईंच्या खोलीत कोळशाची शेगडी कुणीही, कितीही मायेने, ठेवायची नाही. बाळंतिणीची शेक-शेगडी आमच्या घरात अजून माळ्यावर आहे. ती तिथेच राहील.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुतार दोन दिवस होता. दोन झडपांना रंधा मारला, एका चौकटीला पट्टी ठोकली, काचेला नवी लांबी भरली. झडपांच्या कडेला मी स्वतः फोमची चिकटपट्टी लावली. आधी कडा ओल्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसून, नाहीतर पट्टी आठवड्यात सुटते.

दाराखालच्या फटीचं काम माईंनी मागून घेतलं. जुनं नऊवारी फाडून लांब पिशवी शिवली, चिंध्या कोंबून भरल्या, दोन्ही तोंडं धावदोऱ्याने बंद केली. दाराला खालून दोन बंद लावून अडकवली, म्हणजे दार उघडलं की तीही बरोबर सरकते आणि पायात येत नाही. बाजारात मिळणारा रबरी ब्रश मी पाहिला होता, त्याहून हे घट्ट बसलं. मग त्यांनीच पश्चिमेच्या खिडकीच्या पडद्याला आतून जुन्या गोधडीचं अस्तर लावलं. संध्याकाळी पाचला पडदा ओढायचा, सकाळी नऊला उघडायचा. जमिनीवर सतरंजी. शहाबादी फरशी पायातली ऊब ओढून घेते, त्यावर तेवढंच औषध.

दुपारभर त्यांची सुई चालली होती. गुडघ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहाटे सहाच्या नोंदी. फटी बुजवण्याआधी एकदा बाहेर ११.८ असताना माईंच्या खोलीत १७.२ होते. आज बाहेर ११.५ आणि खोलीत १८.५. सव्वा अंश. ऐकायला कमी वाटतं, पण माईंना विचारलं तर त्या तापमानाबद्दल बोलल्या नाहीत, म्हणाल्या, "वारा मानेवर येत नाही आता."

तरीही १८.५ म्हणजे ऊबदार खोली नाही. आणि हीटर लावू नका असं मला कुणालाच सांगायचं नाही.

चुलतदीर निफाडहून आले होते. तिकडे थंडी उतरली की द्राक्षवाले रात्री बागेला पाणी देतात, बांधावर शेकोट्या करून धूर करतात. वर्तमानपत्रात निफाडचा जो पारा छापून येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. ते सांगत होते, ढग असले की आम्ही निवांत झोपतो, आभाळ स्वच्छ असलं की जागं राहायचं. आमच्या गच्चीचंही तेच आहे. निरभ्र रात्री स्लॅब आपली उष्णता थेट आभाळाला देऊन टाकतो. ज्या दिवशी पहाटे स्कूटरच्या सीटवर दव, त्या दिवशी खोली हमखास गार.

४ डिसेंबर

दोन दिवस ढगाळ. बंगालच्या उपसागरातलं वादळ इकडचं ऊन घेऊन गेलं. थंडी कमी, पण सौर बंबात पाणी ३४ अंश. आता गिझर लावला, पण तऱ्हा बदलून : बंबाचं कोमट पाणीच बादलीत घ्यायचं आणि गिझरचं कढत त्यात मिसळायचं. सतराऐवजी चौतीसपासून सुरुवात झाली की एका बादलीमागे वीज तिसऱ्या हिश्श्यावर येते. गिझरवर कागद चिकटवलाय : अंघोळीआधी वीस मिनिटं लावा, बादली भरली की बंद.

अण्णांच्या वहीत नोव्हेंबर : १८८. मला त्यांनी वही दाखवली, बोलले नाहीत.

८ डिसेंबर

घरात सगळ्यात ऊबदार खोली कोणती, हे आठवडाभर मोजलं. समोरची, दक्षिणेची, मुलाच्या अभ्यासाची. पहाटे सहाला तिथे २०.३, त्याच वेळी माईंच्या खोलीत १८.४. एवढा फरक कुठल्याही फोमपट्टीने पडणार नाही. तो सूर्याचा आहे, आणि फुकट आहे.

मग खोल्या का बदलू नयेत? दोन महिन्यांपुरत्या. जेवताना विषय काढला. माई एका शब्दात नको म्हणाल्या. देव्हारा त्यांच्या खोलीत आहे, खिडकीतून पारिजातक दिसतो, सवय आहे. मी म्हटलं देव तिथेच राहू दे, फक्त झोपायचं इकडे. तरी नाही.

भांडी आवरताना खरं कारण आलं. "पोराची दहावी आहे. त्याला त्या गार खोलीत पाठवून मी उबेत झोपू? मला झोप लागायची नाही."

यावर मला बोलता आलं नाही.

१४ डिसेंबर

तोड मुलाने काढली. काल रात्री स्वतःहून आजीच्या खोलीत टेबल नेऊन बसला, साडेअकरापर्यंत. सकाळी आजीला म्हणाला, "आजी, माझ्या खोलीत मला दुपारी झोप येते गं. ऊन पडतं थेट. तुझ्याकडे जागं राहता येतं." हे खरं की आजीसाठी रचलेलं, ते मी विचारलं नाही. माईंनी थर्मामीटर मागितला, स्वतः चष्मा लावून बघितला. १८.६. "पूर्वीइतकी गार नाही ही," म्हणाल्या. मागच्या महिन्यात स्वतःच्या हाताने शिवलेल्या त्या गुंडाळीकडे एकदा बघितलं आणि पलंग हलवायला हो म्हणाल्या. अट एक : संध्याकाळचा दिवा त्याच देव्हाऱ्यापाशी लावणार, आणि पोराच्या अंगावर त्यांची जाड गोधडी.

पलंग दुपारीच हलवला.

२१ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. नाशिक २० अक्षांशावर, म्हणजे आज भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेसेहेचाळीस अंशांवर. समोरच्या खोलीची खिडकी चार फुटी, वर दीड फुटाचा छज्जा. छज्जाची सावली खिडकीवर वरच्या दीड फुटावर पडली, खालच्या अडीच फुटांतून ऊन आत. फरशीवर उन्हाचा चौकोन खिडकीपासून पाच फुटांपर्यंत आला. मुलाने खडूने कडा आखली. पलंग बरोबर त्या आखणीत बसतो. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, तेव्हा याच छज्जामुळे या खिडकीत उन्हाचा कवडसाही येत नाही. अडतीस वर्षांपूर्वी ज्या गवंड्याने हा छज्जा धरला त्याला हे पक्कं ठाऊक असणार.

माई अकरा ते दोन उन्हात पाय पसरून बसतात. तिळगुळासाठी तीळ निवडायला घेतलेत, अजून संक्रांतीला तीन आठवडे आहेत तरी.

रात्री पायाशी रबरी पिशवी, दोन लिटर साठ अंशांचं पाणी, फडक्यात गुंडाळून. म्हातारपणी कातडी पातळ होते आणि चटका उशिरा कळतो, म्हणून उकळतं पाणी कधीच नाही. ती भरायला युनिटचा जेमतेम दहावा हिस्सा लागतो. हीटरचे दोन तास म्हणजे चार युनिट. हीटर कोपऱ्यात आहे, प्लग लावलेला आहे. गरज पडली तर लावावा म्हणून.

१ जानेवारी २०२५

डिसेंबर : १६२ युनिट, ढगाळ दिवस धरून. गेल्या वर्षी ३३७.

खर्च एकदा लिहून ठेवते. नळ्या २,०००, रिंगा ३००, प्लंबर २,२००, फोमची नळी ९८०, टेप २४०, खिडक्यांच्या पट्ट्या ६२०, सुतार ९००, थर्मामीटर ३२०. एकूण ७,५६०.

गच्चीवर सौर वीज बसवण्याचं नवऱ्याच्या मनात आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, दोनला ६०,०००. मी म्हटलं, पाऊस संपेपर्यंत थांबू. ३७१ युनिटच्या बिलाकडे बघून तीन किलोवॅट मागवले असते. आता दोनच पुरतील का ते उन्हाळ्याचा आकडा आल्यावर कळेल. शिवाय पश्चिमेच्या शेजाऱ्यांच्या नव्या टाकीची सावली साडेतीननंतर कुठवर येते, ते महिन्यामहिन्याला आखून बघायचंय.

१२ जानेवारी, रविवार

कडाक्याची पहाट, गच्चीवर ८.९. समोरच्या खोलीत १८.८, मागे १६.९. मुलगा टोपी घालून अभ्यासाला बसला होता. माईंनी त्याला हाक मारून आपल्या पांघरुणात बसवलं, पुस्तकासकट. हीटर पाऊण तास लावला, मागच्या खोलीत, मीच. या मोसमात तो एवढाच लागला.

१ फेब्रुवारी

सकाळी सातला अण्णा मीटर बघून आले. वही घेऊन ते नेहमी दिवाणखान्यात बसतात. आज समोरच्या खोलीत गेले, माईंच्या पलंगाशी खुर्ची ओढली आणि चष्मा पुसून मोठ्याने वाचलं, "जानेवारी, एकशे एकोणपन्नास. गेल्या वर्षी तीनशे एकाहत्तर."

मी दारात उभी होते. एक वर्षाने त्यांनी आकडा वाचला होता. या वर्षीच्या दराने तेहतीसशे रुपयांचा फरक आहे, तेही त्यांनी मांडून आणलं होतं. रुपये मात्र त्यांनी वाचले नाहीत.

माई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अहो, मग अंघोळीला मी पूर्ण बादली घेतली तर चालेल का?"

किती दिवस त्या अर्ध्या बादलीत अंघोळ करत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. अण्णा उठले, न्हाणीघरात गेले, आणि आतून नळाचा आवाज आला.

माझ्या हिशेबातल्या पाच बादल्या खरं तर साडेचार होत्या. दुरुस्त करून ठेवलं.